रानमोडी मार्चअखेरीला कापू नका : कोल्हापूरच्या डोंगरी कुरणांसाठी खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील डोंगरी कुरणं आणि गायरानं ज्यांच्या अखत्यारीत येतात ते सर्व अधिकारी

महोदय,

सविनय नमस्कार.

आमच्या पट्ट्यातल्या कुरणांवर माजलेलं रानमोडी हे परदेशी झुडूप काढायचं काम यंदाही फेब्रुवारी-मार्चमध्येच होणार, असं ग्रामसभेत सांगण्यात आलं. तेव्हाच का, असं विचारल्यावर उत्तर मिळालं की निधी त्याच सुमारास हाती येतो आणि आर्थिक वर्ष संपायच्या आत खर्च दाखवावा लागतो. यापलीकडे कारण नाही. हे ऐकून गप्प बसणं मला जमलं नाही. पत्र तुमच्या नावे आहे, पण डोंगराच्या गवतावर ज्यांची जनावरं जगतात त्या सगळ्यांनी ते वाचावं म्हणून उघडपणे लिहितो आहे.

मी शाहूवाडी तालुक्याच्या पश्चिम अंगाला राहतो. कृषी शाखेत शिकलो, बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि घरी म्हशी कायम होत्या, आजही आहेत. खाली नदीकाठच्या गावांना उसाचं वाडं मिळतं. आमच्याकडे उतारावर भात आणि नाचणी, त्यामुळे वर्षभराची वैरण म्हणजे डोंगरावरचं गवत. पावसाळ्यात म्हसरं माळावर चरतात, दिवाळीच्या आगेमागे गवत कापून गंजी लावतो आणि ती पुढच्या पावसापर्यंत पुरवतो. ती गंज दरवर्षी लहान होत चालली आहे. ज्या उतारावर मारवेल आणि पवना कंबरेइतका वाढायचा, तिथे आता माणूसभर उंचीची रानमोडी आहे. गंजीत कमी पडलेली वैरण पैसे मोजून विकत आणावी लागते, आणि दुधाचा भाव काही त्या हिशेबाने वाढत नाही.

रानमोडी मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. शास्त्रीय नाव क्रोमोलिना ओडोराटा. एकोणिसाव्या शतकात ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली गेली आणि तिथून सुटली. आज शाहूवाडीपासून गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगडपर्यंत घाटमाथ्यावर ती नाही असं गाव शोधावं लागेल. पान चुरगळलं की उग्र वास येतो, म्हणून जनावर तोंड लावत नाही. लावत नाही तेच बरं, कारण तिच्या कोवळ्या फुटव्यांत नायट्रेट जास्त साठतं. जनावराच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ही वनस्पती जमिनीतलं अन्न कधी उचलते आणि ते वर्षभर कुठे कुठे ठेवते, हे पाहिल्याशिवाय तिला कापायची तारीख ठरवता येत नाही.

आमच्या डोंगरांची माती जांभ्याची. गगनबावड्याकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. एवढ्या पाण्यात मातीतला चुना आणि पालाश (पोटॅशियम) निचरून जातो, माती आंबट होते, आणि स्फुरद (फॉस्फरस) असला तरी लोह आणि ॲल्युमिनियमशी जखडून बसतो. पिकाला किंवा गवताला मिळेल असं जे काही अन्न असतं ते वरच्या वीतभर थरात, कुजलेल्या गवतात आणि जनावरांच्या शेणात. रानमोडीला खोल जाणारं सोटमूळ नसतं. तिची तंतुमुळं नेमकी ह्याच वरच्या थरात जाळ्यासारखी पसरतात. मुळांना उपकारक बुरशीची साथ असते, तिच्या जोरावर जखडलेल्या स्फुरदातलाही वाटा ती मिळवते.

त्यात वेळ तिच्या बाजूने असते. मे महिन्यात वळीव पडला की कोरड्या मातीतले सूक्ष्मजीव जागे होतात आणि थोड्याच दिवसांत बरंच नत्र (नायट्रोजन) मोकळं होतं. त्या घटकेला ज्याची मुळं जिवंत आणि ज्याच्या बुडख्यात साठा, तो ते नत्र उचलतो. रानमोडीच्या बुडख्यात मागच्या वर्षीचा साठा असतोच. गवताने नीट मान वर काढायच्या आत ती हातभर फुटलेली असते, आणि मग सावली धरते. जूनच्या मुसळधार पावसात उरलेलं नत्र ओढ्याला लागतं. गवताच्या वाट्याला राहतं ते थोडंच.

पावसाळाभर हे अन्न पानांत असतं. रानमोडीच्या पानांत सुक्या वजनाच्या साधारण तीन टक्के नत्र भरतं, तर पिकून वाळलेल्या डोंगरी गवतात ते एक टक्क्याहूनही कमी असतं. मातीची सुपीकता कुठे गेली, असं लोक विचारतात. ती पानांत गेली. पश्चिम आफ्रिकेत शेतकरी पड टाकलेल्या जमिनीत रानमोडी मुद्दाम राहू देतात, कारण तिचा पाला गळून झटपट कुजतो आणि जमिनीला खत मिळतं. तेव्हा ही झाडी माती नापीक करते असं मी म्हणणार नाही. ती कुरणाचं खत अशा पानात कोंडून ठेवते, जे म्हैस खाऊ शकत नाही. ज्याला पीक घ्यायचं आहे त्याचं भागतं, ज्याला दूध काढायचं आहे तो उपाशी राहतो.

ऑक्टोबर सरता सरता वाटप बदलतं. पानांतलं नत्र आणि स्फुरद फुलाबियांकडे निघतं, आणि एक वाटा खाली बुडख्यात परत जातो. थंडीत डोंगर पांढुरक्या-जांभळट फुलांनी भरतो, आणि फेब्रुवारीपासून म्हातारी उडायला लागते. म्हणजे तुमचा ठेकेदार कोयते आणि यंत्रं घेऊन डोंगरावर येतो तेव्हा उभं काय असतं? वाळकं काड. अन्न बुडख्यात सुखरूप असतं आणि बी वाऱ्यावर असतं.

कोल्हापूरच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ऊस तुटला की बुडखे जमिनीलगत छाटायचे, म्हणजे खालच्या डोळ्यांतून खोडवा जोमाने फुटतो, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. डोंगरावर दरवर्षी सरकारी पैशाने रानमोडीचा खोडवा घेतला जातो आहे.

ही माझी पहिली तक्रार, आणि सर्वांत मोठी. बाकीच्या हिच्याच पोटातल्या आहेत.

दुसरी तक्रार जाळण्याची. कापलेलं काड तिथेच ढीग करून पेटवतात. आग लागली की झाडातलं बहुतेक सगळं नत्र वायू होऊन उडून जातं. पालाश, चुना आणि थोडा स्फुरद राखेत उरतो, पण उतारावरची राख पहिल्या जोरकस पावसात ओढ्यात जाते. गवताचे ठोंब होरपळतात, जमीन उघडी पडते. रानमोडीच्या बियाला उजेड लागतो. दाट गवताच्या सावलीत तिची रोपं टिकत नाहीत. उघड्या, राखेने भरलेल्या जमिनीवर मात्र ती दाट उगवतात, आणि जळलेल्या बुडख्यातूनही पुन्हा फूट येते. एका काडीने शत्रूला रान मोकळं करून दिलं जातं. दर हंगामात आम्हाला सांगितलं जातं की उसाचं पाचट जाळू नका, जमिनीचा कस जातो. सांगणारे बरोबरच सांगतात, आम्ही बरेच जण ते पाळतोही. मग तोच नियम सरकारी कुरणाला का नाही?

तिसरी तक्रार खड्ड्यांची. साफ केलेल्या जागेवर रोपं लावायला खड्डे घेतले, त्यात रासायनिक खत टाकलं. त्यातली रोपं बहुतेक वाळली, पण खड्ड्यांच्या कडेने रानमोडी इतकी तरारली की दुरून प्रत्येक खड्डा ओळखू यावा. नत्र दिसेल तिथे धावणारी वनस्पती आहे ती. शिवाय डोंगराच्या मातीत आपण जे टाकतो ते लवकर पुसलं जात नाही. स्वित्झर्लंडमध्ये आल्प्स पर्वतातल्या शिनिगे प्लाट्टे इथल्या कुरणात 1930 च्या दशकात काही तुकड्यांना मोजकी वर्षं चुना आणि खत देऊन पाहिलं होतं. सुमारे 70 वर्षांनी माती तपासली तेव्हाही चुन्याची खूण तिच्यात होती. तिथली थंडी वेगळी, माती वेगळी, हे मान्य. पण पठारावर खताच्या गोण्या रिकाम्या करण्याआधी कुणीतरी थांबून विचार करावा एवढं तर त्यातून घेता येईल. आणि गवताळ माळ म्हणजे पड जमीन नव्हे. त्यावर झाडं नाहीत म्हणून तो ओसाड ठरवायचा हे आमच्या म्हसरांवर अन्याय करणारं आहे.

आल्प्सचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडं. तिथल्या उंचावरच्या कुरणांत रानपालकासारखी रुंद पानांची एक वनस्पती आहे, रूमेक्स अल्पिनस. ती गुरांच्या गोठ्यांभोवती आणि बसण्याच्या जागांभोवती माजते, कारण शेण-मुताचं नत्र आणि पालाश तिथेच साठत जातं. जमिनीखालच्या जाड खोडात ती अन्न साठवते आणि गुरं नेणं बंद झाल्यावरही कित्येक दशकं जागा सोडत नाही. दुसरी व्हेराट्रम आल्बम, विषारी. गुरं तिला टाळतात, आजूबाजूचं गवत खातात, आणि ती बुडख्यातल्या साठ्यावर बर्फ वितळताच सगळ्यांच्या आधी उठते. तिथल्या अभ्यासकांनी या वनस्पती अन्न कधी वर चढवतात आणि कधी खाली उतरवतात ह्याचा बारकाईने माग घेतला आहे. आपल्याकडे शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आहे, कोल्हापुरात कृषी महाविद्यालय आहे. जिल्ह्याच्या डोंगरांवर रानमोडीचं अन्न महिन्यागणिक कुठे असतं हे त्यांना विचारायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही. माणसं आहेत, प्रयोगशाळा आहेत, फक्त काम काढणाऱ्यांनी त्यांचं दार वाजवायला हवं.

चौथी तक्रार हिशेबाची. ठेकेदाराला पैसे मिळतात ते किती क्षेत्र साफ झालं ह्यावर. कापल्याच्या दुसऱ्या दिवशी डोंगर स्वच्छ दिसतो, फोटो निघतो, बिल निघतं. जुलैत तिथे काय उभं आहे हे पाहायला कुणी येत नाही. यात ठेकेदाराला दोष देत नाही. त्याला जे मोजून पैसे मिळतात तेच तो करणार. मोजायचं काय, हे तुम्ही ठरवता.

आणि धनगरवाड्यांना कुणी विचारलंच नाही. ज्या माणसांचे वाडवडील ह्या डोंगरांवर म्हशी घेऊन फिरले, कुठल्या उताराला कुठलं गवत येतं हे ज्यांना पायांनी ठाऊक आहे, त्यांना काम सुरू झाल्याचं कळलं ते धूर दिसल्यावर. मला हे सर्वांत जास्त लागलं.

ह्याचा फटका फक्त गोठ्याला बसत नाही. राधानगरीचं अभयारण्य 1958 पासूनचं, गव्यांसाठी राखलेलं. गवाही गवतावरच जगतो. रानातलं गवत रानमोडीखाली गेलं की गवे शिवारात उतरतात. 2021 च्या डिसेंबरात गवा थेट कोल्हापूर शहरालगत आला होता, ते सगळ्यांनी पाहिलं. त्यामागे कारणं अनेक असतील, पण रानातली वैरण कमी होणं हे त्यांतलं एक आहे, असं मला ठामपणे वाटतं. भाताचं पीक तुडवलं गेल्यावर भरपाईचे अर्ज घेऊन आम्हीच फिरतो.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट मांडतो.

फेब्रुवारी-मार्चमधली कापणी बंद करा. काम दोन टप्प्यांत घ्या. जुलैत माती भुसभुशीत असते तेव्हा लहान झाडं मुळासकट उपटायची आणि जुन्या झाडांचे बुडखे कुदळीने काढायचे. मग सप्टेंबरमध्ये, उशिरात उशिरा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, कळ्या धरायच्या आत उरलेलं कापायचं. तेव्हा बुडख्यातला साठा नव्या वाढीत खर्च झालेला असतो, पानं अन्नाने भरलेली असतात आणि बी धरलेलं नसतं. निधी मार्चमध्ये येत असेल तर तो पुढच्या पावसाळ्यासाठी राखून ठेवायची तरतूद करा. ती कशी करायची हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

जाळणं पूर्ण थांबवा. हिरवा कापलेला पाला खड्ड्यात कुजवून कंपोस्ट करा आणि ते ज्या गावाचं कुरण त्याच गावाला द्या. चार-पाच टन ओला पाला वाळून टनभर होतो, त्यात तीसेक किलो नत्र असतं. म्हणजे 45 किलोच्या जवळजवळ दीड गोण्या युरिया. पैकी सगळंच खतात टिकणार नाही, काही उडेल, काही निचरेल, तरी भातशेतीला आणि कुरणाच्या मोकळ्या तुकड्यांना त्याचा उपयोग आहे. फुलावर आलेलं एकही झाड मात्र खड्ड्यात जाता कामा नये, नाहीतर खताबरोबर बीही शेतात पोचेल.

एका जागेवर किमान तीन वर्षं सलग काम करा. जमिनीत पडलेल्या बियांपैकी बहुतेक एक-दोन वर्षांत उगवतात किंवा मरतात, काही त्याहून जास्त टिकतात. एकदाच कापून पुढच्या डोंगराला जाणं म्हणजे दोन्ही डोंगर हातचे घालवणं. ठेक्याची शेवटची रक्कम तिसऱ्या पावसाळ्यानंतर द्या, आणि ती मोकळ्या जमिनीवर न देता उगवलेल्या गवतावर द्या.

साफ झालेल्या तुकड्यावर मारवेल, पवन्याचं बी किंवा ठोंब त्याच पावसात लावा. एक हंगाम तिथे चराई नको, हे आम्ही पशुपालक मान्य करू, पण तुकडे आळीपाळीने घ्या आणि कुठला आधी हे धनगरवाड्यांशी बोलून ठरवा. सगळा डोंगर एकदम बंद केलात तर म्हसरं न्यायची कुठे? उपटायचं आणि गवत लावायचं काम यंत्रांऐवजी गावातल्या बायामाणसांना रोजगार हमीतून द्या. आमच्याकडे लावणी उरकल्यावर हाताला काम नसतं, त्यामुळे मजुरी गावात राहील आणि यंत्रांच्या चाकांना लागलेलं बी नव्या जागी जाणार नाही.

माती तपासा. काम सुरू व्हायच्या आधी आणि नंतर दरवर्षी, त्याच जागेवरून. नत्र, स्फुरद, पालाश, सेंद्रिय कर्ब आणि सामू (मातीचा आंबटपणा, pH) एवढं पुरे. निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. मृदा आरोग्य पत्रिका आमच्या शेताला मिळते, कुरणालाही मिळाली पाहिजे.

झऱ्यांच्या आणि पाणवठ्यांच्या आसपास तणनाशक फवारू नका. आमचं पिण्याचं पाणी तिथूनच येतं. त्यापेक्षा, कर्नाटकात रानमोडीच्या फांदीवर गाठ धरणारी एक माशी सोडलेली आहे. अळी फांदीत राहते, झाडाचं अन्न त्या गाठीकडे वळतं आणि वाढ खुंटते. ती आपल्या घाटात आणावी का, आणली तर काय जपावं, हे कीटकशास्त्रज्ञांना विचारून लेखी मत जाहीर करा. कुणीतरी सांगितलं म्हणून आणू नका, आणि चौकशीच न करता टाकूनही देऊ नका.

हे सगळं पुढच्या एका वर्षात जिल्हाभर होणार नाही, हे समजतं. म्हणून सुरुवात एका तालुक्यातल्या दोन-तीन कुरणांपासून करा. शेजारचा एक उतार जुन्याच पद्धतीने ठेवा आणि दोन्हींवरचं गवत कापून वजन करा. जिथे गवताचं वजन भरेल ती पद्धत घ्या. जुनी पद्धत सरस ठरली तर मी ती मान्य करीन.

येत्या ग्रामसभेआधी ह्या पत्राचं लेखी उत्तर द्यावं आणि फेब्रुवारीसाठी काढलेलं काम त्या उत्तरापर्यंत थांबवावं, ही विनंती. उत्तर मराठीत असावं, कारण ते सभेत मोठ्याने वाचून दाखवायचं आहे.

आपला विश्वासू,
डोंगरी पट्ट्यातील एक पशुपालक आणि माजी शिक्षक
ता. शाहूवाडी, जि. कोल्हापूर